सोडण्यासाठी बांधलेली होडी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या आमच्या सरांनी मला शाळेत सुतारकाम शिकवले. खाच आणि कुसू यांचा जोड मी पहिल्यांदा त्यांच्या हाताखाली केला. जोड तपासण्याची त्यांची रीत ठरलेली होती. जोडलेले लाकूड दोन बाकांवर आडवे ठेवायचे आणि वर्गातल्या सगळ्यांत थोराड मुलाला त्यावर उभे करायचे. लाकूड मोडले तर गुण मिळत, जोड सुटला तर मिळत नसत. ‘लाकूड मोडू दे, जोड सुटता कामा नये’ हे त्यांचे वाक्य या सभागृहातल्या बऱ्याच जणांच्या कानांत अजून असेल.

आज मी ज्या होडीबद्दल बोलणार आहे, ती या वाक्याच्या नेमकी उलट आहे. तिचा प्रत्येक जोड सुटतो. सुटावा म्हणूनच तो बांधलेला असतो. तिच्याबद्दल मी सरांना पत्राने कळवले होते आणि त्यांनी उलट टपाली मला एकच प्रश्न विचारला होता. त्या प्रश्नाकडे मी पुढे येतो.

नोकरीच्या निमित्ताने १९८४ साली मी मद्रासला गेलो. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला रविवारी समुद्र लागतोच. कोणीतरी कोवलमचे नाव सुचवले. हे केरळातले प्रसिद्ध कोवलम नव्हे. हे चेन्नईच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर, महाबलीपुरमच्या अलीकडे लागणारे मच्छीमारांचे गाव. तमिळमध्ये ते ‘ळ’ने लिहितात, तो ‘ळ’ मराठी माणसाला सहज म्हणता येतो, आणि त्या परक्या मुलखात तेवढ्यानेही मला बरे वाटले होते. गावात दर्गा आहे, जुने चर्च आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे ऑस्टेंड कंपनीची वखार होती. पुढे अर्काटच्या नवाबाच्या अमलात किल्ला झाला आणि १७५२ मध्ये तो क्लाइव्हने घेतला. पण त्या पहिल्या सकाळी मला यातले काही ठाऊक नव्हते. मी नुसता वाळूत उभा होतो.

दहाच्या सुमारास माणसे समुद्रावरून परतू लागली. आपल्याकडे ज्यांना मतलई वारे म्हणतात, त्या जमिनीवरून सुटणाऱ्या पहाटवाऱ्यावर ती बाहेर गेलेली असतात आणि दिवस तापला की खाऱ्या वाऱ्यावर परततात. लांबून मला होड्या दिसल्याच नाहीत. पाण्यावर गुडघे टेकून बसलेली माणसे तेवढी दिसत होती. लाट आली की ती कमरेपर्यंत दिसेनाशी होत आणि पुन्हा वर येत. किनाऱ्याला लागल्यावर कळले, की त्यांच्याखाली चार-पाच ओंडके आहेत. मासळीची जाळी उतरवली गेली. मग दोघे जण वाकले आणि त्यांनी दोर सोडायला सुरुवात केली. बघता बघता ओंडके सुटे झाले. एकेक ओंडका दोघांनी खांद्यावर घेतला, वर नेऊन कोरड्या वाळूत ठेवला, आणि जिथे होडी होती तिथे काहीच उरले नाही. मला वाटले, ही होडी आज निकालात निघाली, लाकूड विकायला काढले असेल.

जवळ साठीचे एक गृहस्थ दोराची वेटोळी करत बसले होते. मी मोडक्या तमिळमध्ये विचारले, अय्या, होडी मोडली का? त्यांनी दोर उचलून दाखवला आणि म्हणाले, ‘कट्टु.’ मग ओंडक्यावर थाप मारून म्हणाले, ‘मरम.’ कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड, झाड. बांधलेले लाकूड ते कट्टुमरम. उद्या पहाटे पुन्हा बांधणार, असे त्यांनी हाताने दाखवले. पुढची अनेक वर्षे मी त्यांच्याकडे जात राहिलो. ते मला ‘सार्’ म्हणत, मी त्यांना ‘अय्या’ म्हणे. त्यांचे नाव मी इथे घेत नाही. त्यांना ते आवडले नसते.

आता ही होडी करतात कशी ते सांगतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सरांच्या नावाच्या व्याख्यानात हत्यार आणि लाकूड यांना वेळ द्यायलाच हवा.

पहिली गोष्ट लाकूड. ते हलके हवे, पाण्याच्या निम्म्याहूनही कमी वजनाचे. सागवान इथे कामाचे नाही. या किनाऱ्यावर पांगारा वापरत, मलैवेंबू नावाचा कडुनिंबाच्या कुळातला उंच वाढणारा वृक्ष वापरत. खाली कन्याकुमारीकडे अल्बिझिया. आपल्याकडे पांगाऱ्याला कोणी लाकूड मानत नाही. तो कुंपणाला लावायचा, मिरीचा किंवा पानाचा वेल चढवायला लावायचा. सुताराने हात लावू नये असे ते झाड. इथे त्याच्याच पोकळ, स्पंजासारख्या अंगामुळे माणसे समुद्रावर जातात.

ओंडके तीन ते सात असतात, बहुतेक वेळा विषम संख्येचे, कारण मधला एक लागतोच. वाकसाने ते तासतात. मधला थोडा खाली बसतो, बाजूचे किंचित वर येतात, त्यामुळे एकत्र बांधल्यावर अगदी उथळ पन्हळीसारखा आकार होतो. पुढची टोके निमुळती करून वर वळवलेली असतात, कधी चोचीसारखे वेगळे तुकडे पुढे जोडतात, म्हणजे लाट अंगावर येताना नाळ तिच्याखाली न घुसता तिच्यावर चढते. तासायला सुतार लागतो. पण बांधायला सुतार येत नाही, ते ज्याचे त्याने रोज करायचे.

बांधणी दोन ठिकाणी. पुढच्या टोकाजवळ एक आणि मागच्या टोकाजवळ एक. तिथे ओंडक्यांवर आडवे लाकूड टाकतात आणि सुंभाचे वेढे घेतात. आडव्या लाकडावरून, ओंडक्याखालून, पुन्हा वर, आणि शेवटी त्या वेढ्यांनाच आडवे वेढे देऊन आवळायचे. आवळताना माणूस ओंडक्याला टाच लावून मागे झुकतो आणि सगळे अंग दोरावर टाकतो. खिळा नाही, पट्टी नाही, बोल्ट नाही. आंध्रच्या उत्तरेकडे, विशाखापट्टणम-गंजामच्या बाजूला, अशाच तराफ्यात लाकडी खुंट्या मारून ओंडके कायमचे जोडण्याची पद्धत आहे. कोरोमंडल किनाऱ्याच्या या पट्ट्यात मात्र नुसता दोर. मद्रास प्रांताच्या मत्स्यखात्यात संचालक असलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये भारतीय नौकांच्या रचनांवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हे भेद नोंदवले आहेत. होड्यांकडे इतक्या आदराने पाहणारा सरकारी अधिकारी विरळा.

आणि सुंभ. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घालायची, मग ठोकून काथ्या सोडवायचा, मग तो वळायचा. हे काम बहुतेक ठिकाणी बायकांचे. होडीचा इतिहास लिहिताना त्यांचे हात कोणी मोजत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतो. खाऱ्या पाण्यात काथ्या इतर दोरांच्या मानाने पुष्कळ टिकतो. भिजला की तंतू फुगतात, वेढा आवळला जातो. कोरडा बांधलेला दोर समुद्र स्वतः घट्ट करून देतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असे आपण हट्टी माणसाबद्दल नाक मुरडून म्हणतो. कोवलमला मला पहिल्यांदा त्या म्हणीतला पीळ कौतुकाचा वाटला.

मऊ लाकूड आणि दोर यांचे नाते तर फारच सुंदर आहे. १९४७ मध्ये थोर हेयरदाल नावाच्या नॉर्वेजियन माणसाने बाल्साचे नऊ ओंडके दोरांनी बांधले आणि पेरूहून निघून १०१ दिवसांत प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशियाच्या प्रवाळबेटांपर्यंत तो पोहोचला. त्याच्या त्या तराफ्याचे नाव कॉन-टिकी. जाणकारांनी त्याला बजावले होते, की ओंडके एकमेकांवर घासून दोर काही दिवसांत तुटतील. प्रत्यक्षात झाले उलटेच. दोर मऊ लाकडात रुतले, आणि लाकडानेच त्यांना घासण्यापासून वाचवले. कोवलमच्या ओंडक्यांवर अशा दोरांच्या खोबणी मी बोटाने चाचपल्या आहेत. रोज त्याच जागी दोर बसतो, रोज थोडी खोबण पडते. जुन्या ओंडक्यावर नवी गाठ कुठे घ्यायची हे विचारावे लागत नाही.

मग ही असली होडी कशासाठी? इथला किनारा पाहिल्याशिवाय हे समजत नाही. आपल्या कोकणाला खाड्या आहेत, आडोसे आहेत, जयगड आहे, विजयदुर्ग आहे. कोरोमंडलला तसे काही नाही. सरळ वाळू आणि त्यावर एकामागून एक फुटणाऱ्या लाटा. आपली मचव्यासारखी नाव तिथे किनाऱ्याला लावायची म्हटली तर पहिली लाट ती भरते, दुसरी उलटवते, तिसरी फोडते. होडीचे काम पाणी बाहेर ठेवणे, असे आपण धरून चालतो. कट्टुमरम पाण्याला अडवतच नाही. पाणी वरून येते, फटींतून खाली जाते. जे कधी भरतच नाही ते बुडणार कसे? उलटले तर माणसे पोहत जाऊन पुन्हा सरळ करतात. लाटेचा घाव बसला की दोर किंचित ढिला पडतो, ओंडके एकमेकांना सरकू देतात, आणि घाव गेला की पुन्हा जवळ येतात.

मद्रास शहर या किनाऱ्यावर उभे राहिले तेव्हा बंदर नव्हतेच. गलबते लांब नांगर टाकत आणि माणसे-माल लाटांतून आणायचे काम मसुला नावाच्या नावा करत. आंब्याच्या लाकडाच्या फळ्या काथ्याने शिवलेली ती नाव. आत वासे नाहीत, खिळे नाहीत, त्यामुळे वाळूवर आपटली तर लवते, फुटत नाही. तिच्यासोबत कट्टुमरम चालत, कोणी पाण्यात पडले तर उचलायला. वादळात मसुलाही बाहेर पडू शकत नसे तेव्हा कट्टुमरमवाला माणूस ताडपत्राच्या टोकदार टोपीत चिठ्ठ्या घालून गलबतापर्यंत जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासला बंदर बांधले गेले. त्याच्या भिंतींनी वाहती वाळू अडवली आणि आज ज्या मरीना किनाऱ्यावर लाखो लोक फिरतात, तो रुंद किनारा त्या अडलेल्या वाळूचा आहे. मसुला नावांचे काम त्याबरोबर संपत गेले. कट्टुमरमचे संपले नाही, कारण त्याला बंदर कधी लागलेच नव्हते.

आता सरांचा प्रश्न. मी त्यांना आंतर्देशीय पत्रावर हे सगळे लिहिले, चित्र काढून पाठवले. त्यांचे उत्तर आले. त्यात चित्राबद्दल शब्द नव्हता. एवढेच होते: ‘सोडायला किती वेळ लागतो, आणि का सोडतात?’

मी पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. सोडायला एक विडी ओढून होईल एवढाच वेळ लागत होता. आणि का, ते अय्यांनी मला एक ओंडका उचलायला लावून समजावले. नुकताच पाण्यातून आलेला ओंडका मला एकट्याला हललाही नाही. काल दिवसभर उन्हात वाळलेला मी एका टोकाकडून सहज उचलला. हलके लाकूड पाणी पिते. पिऊन पिऊन जड होते, मग ते तरते कमी आणि कुजते लवकर. म्हणून रोज सोडायचे, रोज वाळवायचे. शिवाय बांधलेली होडी चार माणसांनाही वर ओढायला जड, सुटा ओंडका दोघे नेतात. आणि अय्यांनी आणखी एक सांगितले, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. रोज सोडताना प्रत्येक वेढा हातातून जातो. कुठे दोर झिजला, कुठे लाकडाला भेग गेली, हे बोटांना रोज कळते. पक्क्या जोडाच्या आत काय चालले आहे हे जोड मोडेपर्यंत कळत नाही.

हे मी सरांना कळवले. त्यानंतरच्या सुट्टीत भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, ‘मी मुलांना उद्यापासून एक गाठ शिकवणार.’ आणि त्यांनी ती शिकवली. त्या वर्षीचे विद्यार्थी इथे असतील तर त्यांना आठवत असेल.

आता थोडे शब्दांबद्दल. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले ‘पेरिप्लस’ म्हणून ग्रीक भाषेतले प्रवासवर्णन आहे, आपल्याकडचे इतिहासाचे अभ्यासक त्याचा दाखला वारंवार देतात. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे आणि पैठण, तेर ही बाजारपेठांची गावे त्यात आहेत. तोच लेखक पूर्व किनाऱ्यावर जातो तेव्हा एकसंध ओंडके एकमेकांना बांधून केलेल्या मोठ्या नावांचा उल्लेख करतो आणि त्यांचे नाव देतो: ‘संगर’. मराठी माणसाने हा शब्द मोठ्याने म्हणून पाहावा. सांगड! मोल्सवर्थच्या कोशात सांगड या शब्दाचा अर्थ दोन होड्या एकत्र बांधून केलेले तरते साधन असा दिला आहे, पोहण्यासाठी जोडून बांधलेल्या भोपळ्यांनाही सांगड म्हणत. संस्कृतातला संघाट, मल्याळममधला चंगाडम, त्यावरून पोर्तुगीजांनी उचललेला जंगाडा, आणि त्या नावाने आजही ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर ओळखला जाणारा कोळ्यांचा शिडाचा तराफा. केवढा प्रवास हा!

कट्टुमरमचाही प्रवास झाला. विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्दीच्या १६९७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनामुळे हा शब्द इंग्रजी वाचकांपर्यंत गेला. १८७६ मध्ये अमेरिकेत नॅथनिएल हेरेशॉफ यांनी दोन नावा आडव्या तुळयांनी जोडून शर्यतीची बोट केली, आणि तेव्हापासून तो शब्द दुहेरी बोटींना चिकटला. मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या कॅटमरानमध्ये तुमच्यापैकी अनेक जण बसले असतील. तिच्यात बांधलेले काही नाही आणि लाकूडही नाही. पण दोन नावा जोडलेली ती वस्तू कोशातल्या अर्थाने अगदी बरोबर सांगड आहे. तमिळ शब्द इंग्रजीत जाऊन मराठी अर्थ घेऊन परत आला! आणि आपण मात्र सांगड हा शब्द घर आणि नोकरी यांची सांगड, परंपरा आणि आधुनिकता यांची सांगड, असा निबंधात वापरतो. ही सांगड घालताना आपल्यापैकी कोणी दोर हातात धरलेला नसतो. वस्तू गेली, क्रियापद राहिले.

वस्तू तशी पुरती गेलेली नाही. कृष्णाकाठी महापूर आला की गुळाची काहील होडी होते. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. केळीचे खांब कामटीत ओवून तराफा करणारी मुले प्रत्येक गावात असतात. रत्नागिरी, मालवणात अरुंद होडीला उलांडी बांधतात, बाजूला दोन वाकड्या काठ्यांच्या टोकाला हलका ओंडका, आणि त्या काठ्या होडीला बांधायच्या त्या दोरानेच. गोव्याकडच्या रांपणीच्या होड्या काथ्याने शिवलेल्या असत. म्हणजे बांधण्या-शिवण्याची ही विद्या पश्चिम किनाऱ्यालाही परकी नाही. फक्त आपण तिला विद्या म्हणत नाही.

मी स्वतः एकदा करून पाहिले. मे महिन्याची सुट्टी होती, भाचा सोबत होता, आणि आमच्या बागेच्या कुंपणातले पांगारे त्या वर्षी तोडले होते. तीन ओंडके सावलीत वाळवले, तासले, जमेल तशी टोके निमुळती केली. दोर म्हणून दुकानातला निळा नायलॉन आणला. तो मजबूत, स्वस्त, न कुजणारा. भर खाडीत, भरतीच्या ओढीत, ओंडके हळूहळू लांब होऊ लागले. गाठी सुटल्या नव्हत्या, वेढे सरकत होते. दोघांनी एकेक ओंडका मिठीत धरला आणि पोहत काठ गाठला. भाच्याला तो दिवस चांगला आठवतो. पुढे हे अय्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, नायलॉन लाकडाला चावत नाही. त्याला दात नाहीत. दुसऱ्या वर्षी आम्ही सुंभ वापरला, कोरडा बांधला, काठावरच पाणी ओतून अर्धा तास वाट पाहिली, आणि वेढे तंबोऱ्याच्या तारेसारखे ताणलेले पाहून मगच पाण्यात उतरलो. तो तराफा चांगला आठवडाभर चालला, रोज संध्याकाळी सोडून, रोज सकाळी बांधून. तिसऱ्या दिवशी भाचा बांधू लागला आणि मी नुसता पाहत होतो.

घरी कोणाला करायचे असेल तर मी एवढेच सांगेन. लाकूड घाईने वापरू नका, सावलीत महिनोन्‌महिने वाळू द्या. तीनच ओंडके घ्या, मधला थोडा खाली. आधी तळ्यात किंवा शांत खाडीत, पोहता येणाऱ्या माणसासोबत आणि अंगात तरंगजाकीट घालून. आणि खिळा मारू नका. खिळा मारला की तो तराफा होतो, पण तुम्ही काही शिकत नाही.

कोवलमला आज गेलात तर लाकडी कट्टुमरम शोधावे लागेल. किनाऱ्यावर रांगेने फायबरच्या होड्या आहेत, मागे इंजिन लावलेल्या. हा बदल एका दिवसात झाला नाही. हलक्या लाकडाचे मोठे वृक्ष मिळेनासे झाले, जंगलतोडीवर निर्बंध आले, लाकूड महाग झाले. मासळी किनाऱ्यापासून लांब गेली, तिथे वल्ह्यावर पोहोचायला अर्धा दिवस जातो. मद्रासला केंद्र ठेवून १९७९ मध्ये सुरू झालेल्या अन्न व कृषी संघटनेच्या बंगाल उपसागर कार्यक्रमाने वाळूवर लागू शकतील अशा नव्या होड्यांचे प्रयोग केले. मग २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली. किनाऱ्यावरचे ओंडके, जाळी, माणसे, सगळे एका सकाळी गेले. त्यानंतर मदत म्हणून ज्या होड्या आल्या त्या बहुतेक फायबरच्या.

या बदलाबद्दल मच्छीमारांना दोष देणारे लिखाण मी वाचतो तेव्हा मला राग येतो. कट्टुमरमवर माणूस दिवसभर ओला असतो. गुडघ्यांवर बसून बसून गुडघ्यांना घट्टे पडतात. उन्हाला छप्पर नाही, पाय पसरायला जागा नाही, वादळ दिसले तर पळून येण्याचा वेग नाही. अय्यांच्या मुलाने फायबरची होडी घेतली तेव्हा अय्यांनीच पैसे उभे करायला धावपळ केली. आपण पंख्याखाली बसून त्यांना जुनेच चालवा म्हणायचे, हे न्यायाचे नाही. त्याच गावातली मच्छीमारांची मुले आज फळीवर उभी राहून लाटा कापतात आणि दुसऱ्यांना ते शिकवतात. लाट कधी उचलते आणि कधी सोडते हे त्यांना बापजाद्यांकडून मिळाले आहे, आणि त्याचे ते पोट भरण्याचे साधन करतात, यात मला आनंदच आहे.

मला दुःख वेगळ्या गोष्टीचे आहे. फायबरची होडी फुटली तर कारागीर येतो, सामान येते, राळ आणि काचेचे कापड. इंजिन बिघडले तर मिस्तरी येतो. समुद्रावर जाणारा माणूस आपल्या वाहनाचा गिऱ्हाईक झाला आहे. कट्टुमरमवरचा माणूस रोज पहाटे आपली होडी नव्याने करत होता. रोज! आपण शाळांमध्ये मुलांना हाताने काही करू देत नाही, आणि मग म्हणतो हात चालत नाहीत. समुद्राकाठच्या प्रत्येक शाळेत, इथे कोकणात, वर्षातून एकदा मुलांनी तीन ओंडके बांधून पाण्यात नेऊन, पुन्हा सोडून वाळत घालावेत, एवढी माझी मागणी आहे. ती मी अनेक ठिकाणी मांडली आहे आणि इथेही मांडतो. सरांनी गाठ शिकवायला परवानगी विचारली नव्हती.

आशा वाटावी असेही घडते आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एका गलबताचे चित्र आहे, पाचव्या शतकाच्या सुमाराचे, तीन डोलकाठ्या, शिडे, आणि मागे रांगेने ठेवलेले रांजण. त्याला पाहून भारतीय नौदल, सांस्कृतिक मंत्रालय आणि गोव्याची एक नौकाबांधणी संस्था यांनी खरेखुरे जहाज बांधले. केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याने शिवल्या. मे २०२५ मध्ये कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. चित्र आपल्या मराठी डोंगरात, शिवण केरळची, बांधणी गोव्यात. एका भिंतीवरच्या चित्रातून पुन्हा जहाज होऊ शकते, कारण शिवणारे हात कुठेतरी शिल्लक होते. चित्र असते आणि हात नसते, तर ते भिंतीवरच राहिले असते.

गेल्या हिवाळ्यात मी कोवलमला पुन्हा गेलो. अय्या आता नाहीत. त्यांच्या नातवाने मला ओळखले, चहा दिला, आपली होडी दाखवायला वाळूवर नेले. दुपार झाली होती, होडी वर ओढायची होती. पाच-सहा तरुण जमले. वाळूत फायबर रुतू नये म्हणून त्याने होडीच्या पुढे आडवे ओंडके टाकायला सुरुवात केली, एक ओलांडला की मागचा उचलून पुन्हा पुढे. तिसरा ओंडका टाकताना मी त्याला थांबवले आणि वाकून पाहिले. दोन्ही टोकांजवळ, हातभर अंतर सोडून, खोबणी होत्या. माझी दोन बोटे त्यांत नीट बसली.

नातू म्हणाला, ‘ताताचं मरम, सार्.’ आजोबांचे लाकूड. मग त्याने ओंडका पुढे टाकला, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून होडी त्याच्यावरून वर ओढली.